आडवी न टाकलेली गाडी

मी, शौकत इब्राहिम तांबोळी, वय चौसष्ट, मोटारसायकल मेकॅनिक व मातीच्या गोल ट्रॅकवरच्या शर्यतींचा म्हणजे स्पीडवेचा माजी रायडर, राहणार तळेगाव दाभाडे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाविना हे लिहून ठेवतो. आयुष्यात सात हाडे मोडली, पण डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर, बँकेतील ठेवी व बाकी सर्व मिळकत शरीयतप्रमाणे पत्नी हसीना व मुलगा झिशान यांना जावी. हसीनाने एकोणीस वर्षे प्रत्येक शर्यतीआधी माझ्या डाव्या बुटाला वळणावर जमिनीला घासायचा लोखंडी तळ बांधला, पण शर्यत एकही पाहिली नाही. घरी आल्यावर माझ्या चालीवरूनच ती निकाल ओळखायची. तिच्याएवढे मला कोणी ओळखत नाही.

२. शरीयतप्रमाणे मिळकतीच्या एक तृतीयांशाबाबत ठरवण्याचा हक्क माझा आहे व तो मी वापरणारच. निघोजे येथील गॅरेज, हत्यारे आणि माझी शर्यतीची गाडी झिशानची मुलगी, माझी रायडर नात आरफा हिला द्यावी. वकिलांनी हिशेब पाहिला आहे. हे सर्व मर्यादेत बसते.

३. झिशानची यावर हरकत आहे, ती नोंदवतो. आमच्या गाडीला ब्रेक नसतो. म्हणून पुढचा पडला की मागच्याने आपली गाडी आडवी टाकायची, मग शर्यत गेली तरी चालेल, असा रिवाज आहे. गेल्या महिन्यात फायनलमध्ये आरफाच्या पुढची मुलगी पडली. आरफाने गाडी आडवी टाकली. फायनल गेली, गळ्याजवळचे हाड मोडले, पण त्या मुलीला खरचटलेदेखील नाही. मी गॅरेजमध्ये पेढे वाटले. झिशान म्हणाला, "अब्बा, पोरीचं हाड मोडलंय आणि तुम्ही पेढे वाटताय?" होय बेटा, वाटले. कारण पुढच्या कलमात आहे.

४. १९९३ च्या फायनलमध्ये शेवटच्या वळणावर माझा मित्र श्याम केळकर माझ्यापुढे पडला. मी गाडी आडवी टाकली नाही. कप समोर दिसत होता. माझे चाक त्याच्या उजव्या मनगटावरून गेले. धुळीत कोणाला काही दिसले नाही, आणि श्यामचा हात त्याच्याच गाडीखाली सापडला असे सगळ्यांनी मानले. मीही मानू दिले. श्याम पिंपरीच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होता. त्यानंतर त्याच्या हातून सरळ रेघ निघाली नाही. त्याला स्टोअरमध्ये बसवले. मी मात्र पुढे अकरा वर्षे चॅम्पियन म्हणून मिरवलो. मी चांगला रायडर होतो, हे आजही छातीठोकपणे सांगतो. पण तो कप माझा नव्हता. तो श्यामला द्यावा.

५. साक्षीदार म्हणून श्यामलाच बोलावले आहे. त्याने संपूर्ण मजकूर वाचून मगच सही करावी. न करता उठून गेला, तर त्याला कोणी अडवू नये आणि ती जागा कोरीच ठेवावी. मला माझ्या कृत्याची लाज वाटते, आणि तो गेला तर फार वाईट वाटेल.

ठिकाण : निघोजे. दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५.

सही : शौकत इ. तांबोळी

साक्षीदार १ : नवनाथ सोपानराव येळवंडे, शेजारचे वेल्डिंग वर्कशॉप.

साक्षीदार २ : श्याम वसंत केळकर. सही डाव्या हाताची आहे, ग्राह्य धरावी. मजकूर वाचला. शौकत, चाक तुझं होतं हे मला धुळीतही दिसलं होतं. तू स्वतः सांगशील म्हणून बत्तीस वर्षं थांबलो. तू मरेपर्यंत वाट बघणार नाही, कप आजच घेऊन जातो.