पाठीमागची शिटी

माये,
नागझिऱ्याहून तुझ्या खुशबूचा नमस्कार. मी बरी आहो. गाईडचं काम जमून राहिलं, जेवणही वेळेवर होते.

काल भर दुपारी पर्यटकांना सोडून मी आणि माझ्यासंगं गाईड असलेली मंगलीकाकू तळ्याकडून पायी परत येऊन राहिलो होतो. मागून कोणीतरी बारीक शिटी वाजवून राहिला होता. वळून पाहिलं तर झाडाचं पानही हलत नव्हतं. मी थांबली, तरी शिटी चालूच.

"काकू, कोण व्हय?"

काकू माझ्याकडे टक लावून पाहत म्हणाली, "पोरी, ते तुझ्याच छातीतून येऊन राहिलं."

तेव्हा मले दम लागल्याचं कळलं. डॉक्टरनं शिकवल्यासारखी ताठ बसली, दम्याचा निळा पंप हलवला, श्वास पूर्ण सोडला. पंप ओठांत घट्ट धरून हळू श्वास ओढता ओढता दाबला अन् दहा मोजेपर्यंत रोखला. मिनिटभरानं पुन्हा एकदा. हळूहळू शिटी थांबली. आज डॉक्टरले दाखवूनही आली.

आपल्या धाकट्या रूपेशचा खोकला कसा आहे? तो झोपला की त्याच्या छातीले कान लावून ऐक.

माये, शेवटच्या दिवसांत बाबा सारखे विचारत, "दारात कोण शिटी वाजवते?" अन् आपण दरवेळी दार उघडून अंगणात पाहत होतो.

तुझीच,
खुशबू