कॅमेऱ्यावरचं कुंकू

मानेसर (हरियाणा), दसरा, संध्याकाळ

आज एकदाचं जमलं. इथल्या खोलीवरचा माझा गेमिंग कॉम्प्युटर साताऱ्याच्या घरातल्या जुन्या कॉम्प्युटरला जोडला गेला. मी इथे खेळायचं, आणि तिथून तो खेळ लोकांना लाइव्ह दिसायचा. खरं तर इथला कॉम्प्युटर एकटाही हे करू शकला असता. मग एवढा खटाटोप कशाला, यार? त्या जुन्या कॉम्प्युटरवरच्या कॅमेऱ्यासाठी. त्यातून आमचा हॉल दिसतो. व्हिडिओ कॉलवर आई फोन इतका जवळ धरते की नुसतं तिचं कपाळ दिसतं. घर बघून आठ महिने झाले.

कॅमेरा सुरू केला, तर सगळा स्क्रीन लाल. अर्धा तास सेटिंग बदलत बसलो. शेवटी आईला फोन लावला.

"अरे, सकाळी पूजा केली ना! तुझ्या कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. वरच्या त्या गोल डोळ्यालाही बोट लावलं."

"आई, तो कॅमेरा आहे. पुसून टाक."

"आज नको रे. पूजेचं आहे. उद्या पुसते."

चिडलोच मी. फोन ठेवला आणि त्या लाल स्क्रीनसमोर बसून राहिलो. खेळायचं राहूनच गेलं.

दरवर्षी दसऱ्याला पूजा झाली की त्याच बोटाने ती माझ्याही कपाळाला कुंकू लावायची. मी जिना उतरायच्या आत ते पुसायचो.

तिला परत फोन करून सांगू का, उद्याही पुसू नकोस म्हणून?