झोपाळ्याकडे वळलेलं डोकं

वाडी, बडोदे

तीर्थरूप मंदाकिनीअक्कास,

धाकट्या गोविंदचा दंडवत. तुझे गुडघे आता बरे असतील (नसले तरी इतक्यात कळवू नकोस, मला पुढचं लिहायचंय). इकडे सगळे मजेत. चार महिन्यांचा नातू नीलही मजेत, फक्त त्याचं डोकं मागून उजवीकडे चपटं झालंय, हे तुला ठाऊक आहेच. त्याला एकाच अंगावर टाकून ठेवतेस, असं तू फोनवर आमच्या सुनेला, अस्मिताला सुनावलंस. ती दोन दिवस धड जेवली नाही. तू धाडलेली मोहरीची उशी मी हौसेने बाळाच्या डोक्याखाली सारायला गेलो, तर तिने ती काढून घेतली आणि आम्हां सगळ्यांना लहान मुलांच्या फिजिओथेरपिस्टकडे नेलं.

या निरुपमाबेन. मला वाटलं, तेल लावून चोळतील. त्यांनी आधी नीलची मान हलकेच दोन्हीकडे वळवून पाहिली. डावीकडे ती अडत होती. उशी मुळीच नको, म्हणाल्या (मोहरी सध्या फोडणीत जाते). झोपताना पाठीवरच, आणि जागा असताना आपण समोर बसून थोडा वेळ पोटावर. मग विचारलं, बाळाच्या खाटेशेजारी काय असतं? मी अभिमानाने सांगितलं, उजवीकडे माझा झोपाळा, मी दिवसभर तिथेच गुणगुणत असतो. ‘तो दादा, ए तमने ज जुए छे!’ अक्का, पोर दिवसभर मलाच बघत होतं! मला आधी आनंदच झाला. लाज जरा उशिरा वाटली.

उपाय सोपा होता. बाळाचं डोकं खाटेच्या पायथ्याकडे केलं की झोपाळा डावीकडे येतो. पण मग डोकं उत्तरेला! मी साफ नाही म्हटलं (तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, तरी उत्तर दिशेला मी भितोच). झोपाळ्याच्या कड्या छतात, त्याही हलेनात. ‘तो पछी तमे खसो,’ निरुपमाबेन म्हणाल्या. म्हणजे मीच सरकायचं. तेव्हापासून मी खाटेच्या डावीकडे स्टुलावर बसतो. नील सतरंजीवर पालथा असला की त्याच्यासमोर मीही पालथा. पहिल्या दिवशी त्याने मान उचलली. मला उचलायला माझ्या मुलाला, शुभंकरला यावं लागलं. परवा नील खाटेवर आपणहून डावीकडे वळला आणि मला बघून खुदकन हसला. मी रडलो, लपवत नाही. मान बरीच सैल झालीय, वेळेत आणलंत, डोकंही हळूहळू गोल होईल, असं बाई म्हणतात.

घरच्यांना यथायोग्य सांग.

तुझा
गोविंद

ता. क. : अस्मिता निष्काळजी आहे, असं तुला मीच कळवलं होतं. तिला वाटतं, ते तुझ्याच मनातलं. तर तू फोन करून तिची माफी माग, आणि माझं नाव मात्र काढू नकोस. एवढ्यासाठीच हे पत्र.

आणखी ता. क. : पत्र पोस्टात टाकायला अस्मिताकडेच दिलं आणि पाकीट चिकटवायचं राहिलं. तिने ते वाचून माझ्यासमोर ठेवलं. माझी माफी मी मागितली, अक्का. तुझी तू माग. तिचा नंबर तुझ्याकडे आहे.