दादाच्या कमरेचं माप

तीर्थरूप दादास धाकटीचा नमस्कार.

तुझी तब्येत ठणठणीत असणारच, कारण तसं तू येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगतोस. वहिनीचे गुडघे कसे आहेत ते मात्र तिलाच लिहू दे. (तू नुसतं 'बरी आहे' लिहितोस.)

इकडची हकिगत अशी, की मी रक्त तपासून आले. दुकानात काज करता करता छातीत धडधडलं, तर शेजारच्या चष्मेवाल्यानं मला ओढतच दवाखान्यात नेलं. तिथं फॉर्म भरायचा. वय, वजन इथवर ठीक, पण पुढे 'तुमचे पूर्वज कुठले?' मनात म्हटलं, यांना काय सोयरीक जमवायचीय? तेवढ्यात भिंतीवर कमरेच्या मापांचा तक्ता दिसला. बाकीच्या जगाला ऐसपैस सूट आणि 'दक्षिण आशियाई', म्हणजे आपल्या लोकांच्या रांगेत माप चांगलं कमी! पंचवीस वर्षं लोकांच्या कमरा मोजणाऱ्या शिंपिणीनं हे ऐकून घ्यायचं? मी पूर्वजांच्या रकान्यात सरळ 'इतर'वर खूण केली. डॉक्टरीणबाईंनी फॉर्म पाहिला, मला पाहिलं, परत फॉर्म पाहिला आणि म्हणाल्या, "आजी, खूण बदलून रक्त बदलत नाही." (आजी! सत्तेचाळिसाव्या वर्षी! त्यांचा ब्लाउज शिवायला आला तर गळा मुद्दाम वाकडा काढणार आहे.)

तर निकाल असा, की कंबर पास, रक्त नापास. रक्तातली एक चरबी म्हणे थेट आईबापांकडूनच येते, माणूस कितीही बारीक असो, कितीही चालो. शिवाय आपल्याकडच्या लोकांची साखर आणि बाकीची चरबीही लवकर बिघडते, म्हणून आपल्याला माप कडक. घरात कुणी लवकर गेलं का, असं त्यांनी विचारलं. बाबा, म्हटलं. बावन्नाव्या वर्षी, काटकुळे, जिना चढताना. मग त्यांनी विचारलं, "भाऊ आहे?"

पुढच्या महिन्यात तुला बावन्नावं लागतंय.

आता तू म्हणशील, 'मला काय धाड भरलीय? दहा वर्षांत माझी कंबर तसूभर हलली नाही.' हे तुझं चष्मेवाल्यालाही ऐकवून झालंय. गोळ्या मला लागू झाल्यात, बाकी मी मजेत आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. गुरुवारी सकाळी उपाशीपोटी इकडे ये. तुझा नंबर लावलाय. सुई बघून तुला घेरी येते हे मी वहिनीला सांगणार नाही. (तिला माहीत आहे.)

आणखी एक ता. क. रागावू नकोस. तू बटणं लावायला विजारी पाठवतोस ना, त्या परत करताना मी दर वेळी कंबर थोडी उसवून सैल करत आलेय. तुला बरं वाटावं म्हणून गप्प बसले, चुकलंच माझं. काल तुझी करडी विजार उसवायला घेतली, तर आत सोडायला कापडच उरलेलं नाही.