नळ्या साफ आहेत

४ मार्च १९५७, पिंपरी
आजपासून नवी सुरुवात. आमच्या कारखान्यात पवनेचं पाणी कूलरच्या नळ्यांतून फिरतं, त्यावर गरम रसायन निवतं. नळ्यांत शेवाळ धरलं की निवणं बंद. म्हणून रोज पाण्याचं टेंपरेचर घ्यायचं आणि आतला मळ बाहेरून ओळखायचा. साहेबांना सांगून टाकलं, हे काम माझ्याखेरीज कुणाला जमायचं नाही.
मासिकात वाचलं, परदेशात समुद्राच्या वरच्या कोमट नि तळच्या गार पाण्यावर वीज करू पाहतात. तिथेही घोडं शेवाळापाशीच अडतं! उद्या आमच्या गुहागरला असं केंद्र निघालं, तर मुख्य इंजिनिअर कोण? उत्तर उघड आहे.

७ मार्च
थर्मामीटर फुटला. माझ्या हातून, पण दोष काचेचा. बिघडत नाही. हात लावूनही ताप कळतो, आईला कळायचा तसा. फोरमन हिंदुराव म्हणाले, "राव, स्टोअरमधून नवा मागवा." म्हणजे साहेबांना कळणार! मत्सर, दुसरं काय.

११ मार्च
हिला सातवा संपत आला. आठव्यात प्रवास नको, म्हणून आत्ताच गुहागरला माहेरी जायचं. म्हणाली, "पहिलंच आहे. तुम्ही बरोबर असलात तर धीर येईल." शिमगाही तोंडावर. साहेबांकडे रजा मागितली. त्यांनी विचारलं, "आणि कूलर?" म्हणालो, "आरशासारखा." रजा मंजूर! शनिवारची एस.टी.

१५ मार्च
सकाळी बाहेर पडणारं रसायन चटका देत होतं. हिंदुराव म्हणाले, पाणी बंद करून कूलरचं झाकण उतरवू. त्यात दोन दिवस गेले असते, म्हणजे रजाही गेली असती. म्हटलं, नको, पाणी तेवढं बंद करा, बाजूच्या भोकातून मीच डोकावतो.
डोकं गेलं. खांदे गेले. मग काहीच जाईना, आणि येईनाही.
नाकासमोर नळ्या. एकूण एक हिरव्या चिखलानं बुजलेल्या. तोंड फिरवायला जागा नाही. बाहेरून साहेबांनी विचारलं, "काय, साफ आहेत ना?" मी म्हणालो, "अंधार आहे, सर."
कुरुळीचा फिटर भिमाजी पाय ओढत ओरडत होता, "सायेब, प्वाट आत घ्या! हाय तेवढं आत घ्या!" शेवटी ग्रीस चोपडून काढलं. शर्ट आतच राहिला.

१६ मार्च
रजा रद्द. साहेब म्हणाले, "तुमच्याखेरीज कुणाला जमत नाही, तुम्हीच म्हणालात. पावसाळ्यापर्यंत हलायचं नाही." एका परीनं सन्मानच.
हिचे भाऊ उद्धवराव पुण्याहून आले आणि हिला घेऊन गेले. गाडी सुटताना ही म्हणाली, "वेळेवर जेवत जा." माझ्याकडे पाहिलं नाही.

२ एप्रिल
नवा थर्मामीटर आला. तो हिंदुरावांच्या कपाटात असतो. मला ब्रश मिळाला आहे.

१९ मे
नळ्या घासत होतो, तेवढ्यात तार आली. हात लडबडलेले, म्हणून हिंदुरावांनी वाचून दाखवली. मुलगी झाली. दोघी खुशाल.
भिमाजी म्हणाला, "सायेब, कुनावानी दिसती वो?"
मी म्हणालो, कळवतील. आणि पुन्हा आत वाकलो. तिथे तोंड कुणाला दिसत नाही.