उजवा कौल

प्रिय ताई,

काल तुझे पीएचडीचे सर आपल्या घरी येऊन गेले. तेव्हापासून माझं डोकं जे तापलंय ते अजून निवलेलं नाही. आईशी भांडून झालं, मांजराला ओरडून झालं, दुकानात एका गिऱ्हाइकाचा सातबारा उलटा झेरॉक्स करून झाला. आता उरलीस तू, म्हणून तुला लिहितेय. गेलीस म्हणून तुला सूट मिळेल असं मुळीच समजू नकोस!

कसालपर्यंत एसटीनं आणि पुढे रिक्षानं आले. आईनं तुझ्या फोटोखाली त्यांना खुर्ची दिली, आंबोळ्या वाढल्या. सर म्हणाले, "शुभांगी म्हणजे आमची अत्यंत अभ्यासू विद्यार्थिनी." अभ्यासू! तू होतीस तेव्हा हा शब्द कुठे ठेवला होता गो त्यांनी? तू कुडाळहून रात्रभर गाडीत बसून विद्यापीठात जायचीस आणि तिथे दाराला कुलूप, सर चर्चासत्राला गेलेले. परत येऊन मला सांगायचीस, "मोठी माणसं, शंभर कामं असतात." मला त्यांच्यापेक्षा तुझाच राग यायचा.

आंबोळी संपली आणि सर मुद्द्यावर आले. देवळातल्या गाऱ्हाण्यांची तुझी सगळी रेकॉर्डिंगं आणि लिहून झालेली प्रकरणं त्यांना हवीत. त्यांची दुसरी एक विद्यार्थिनी आहे. तिचं कोर्सवर्क झालंय, फक्त विषय मिळत नाही. ती तुझं काम पुढे नेईल म्हणे. "आणि शुभांगीचा उल्लेख आम्ही ऋणनिर्देशात आवर्जून करू."

ऋणनिर्देशात! म्हणजे ग्रंथपालांच्या खाली आणि टायपिंगवाल्याच्या वर! तुझी प्रकरणं मी माझ्या हातानं झेरॉक्स केलीत, स्पायरल लावलंय. गुरवकाका गावाच्या वतीनं देवाशी मोठमोठ्यानं बोलतात, आपण मागून "व्हय म्हाराजा" म्हणतो आणि घरी जाऊन विसरतो. तू त्या बोलण्यात काय काय पाहिलंस! आपल्या तेरवण गावात कोणाची म्हैस हरवली तेही देवाला कसं सांगतात, रुसलेल्या भावकीला त्यात कशी जागा असते. मी बाहेरून बीए केलेली बाई, मलासुद्धा वाचताना मशीन बंद करायचं भान राहिलं नव्हतं.

सर पुढे म्हणाले, "फक्त ती संमतीची अडचण तेवढी मिटवा. त्या गुरवांची एक सही घेऊन ठेवा. तारीख जरा जुनी घाला."

बघितलंस? ज्या सहीपायी तुला अडवून ठेवलं, ती सही आता जुन्या तारखेनं चालते!

तो दिवस मला पाठ आहे. समितीपुढे तुझं सादरीकरण होतं. त्यांनी विचारलं, या ध्वनिमुद्रणाला संमती कोणाची? आणि तू खरं ते सांगून टाकलंस. गुरव म्हणाले ही गाऱ्हाणी माझी नाहीत, देवाची आहेत, म्हणून पाषाणावर पाकळ्या लावून देवाला कौल लावला आणि त्यानं उजवा, म्हणजे होकार, दिला. सगळे हसले. एक जण म्हणाला, "देवाचं आधार कार्ड जोडलंय का?" तू मला तिथल्याच जिन्यात उभी राहून फोन केला होतास. सर हसले का म्हणून मी विचारलं, तर म्हणालीस, "नाही गो, ते खोकले." ताई, तुझ्या भाबडेपणाची आरती ओवाळू का?

एक सही गो! गुरवकाका तर स्वतः घरी आले होते. "खंय करूची ती सही, दाखय." आणि तू त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलंस. म्हणालीस, "नको काका. तुमची सही केली म्हणजे तुम्ही दिलंत असं होईल, आणि तुम्ही दिलेलं नाही." कोण असं वागतं? कॉलेजात तासावर शिकवून शिकवून तुझी चप्पल झिजली, पीएचडी झाली असती तर कायम झाली असतीस. पण नाही! बाईसाहेबांना खोटं लिहवत नव्हतं.

मग लावणीचे दिवस आले. पायाला कापलेलं असताना तू चिखलात उतरलीस. ताप आला, डॉक्टर म्हणाले साधा आहे. लेप्टो आहे हे कळेपर्यंत तुझे डोळे पिवळे झाले होते. गोव्याला नेता नेता बांद्याच्या पुढे तू गेलीस. एवढा मोठा जिल्हा आणि तुझ्यापुरतं एक धड हॉस्पिटल नाही! हा राग मी कुठे नेऊन ठेवू?

तर सर बसले होते. आई मला आत बोलावून म्हणाली, "सर इतके लांबसून इलेत. काय ता दी आनि मोकळी हो. चेडवाचा नाव तरी छापान येतला." आई रडत होती, म्हणून तेव्हा तिला काही बोलले नाही. बाहेर आले आणि सरांना म्हटलं, "मिळणार नाही."

"भावनेच्या भरात बोलू नका," सर म्हणाले.

"भरातच बोलतेय," म्हटलं. "कौल लावताना मी तिथे उभी होते. गुरवकाकांनी काय सांगितलं होतं ते ऐका. बा देवा म्हाराजा, ह्या चेडू तुजी गाऱ्हाणी लिवून घेतला. ती तेच्या घरात ऱ्हवतली, दुसऱ्या कोणाच्या नावार जावची नाय. मान्य आसात तर उजवो कौल दी, म्हाराजा! उजवी पाकळी पडली, सर. त्यामुळे तुम्हाला काही देता येत नाही."

सर हसले. या वेळी ते खोकले नाहीत, हे मी स्वतः पाहिलं. रिक्षा बोलावून दिली.

आज सकाळी मी देवळात गेले. तुला माहीत आहे, माझं नि देवाचं कधीच फार सख्य नव्हतं. पण पाषाणासमोर उभी राहिले आणि माझा तोल सुटला. त्याला म्हटलं, "तू तिला उजवा दिलास ना? लिही म्हणालास ना? मग मधेच उचललीस कशी? ती तुझ्या शब्दावर एवढी विसंबली की माणसाची सही घेतली नाही, आणि तू तिचं लिहून होईपर्यंत थांबला नाहीस? त्या समितीतले लोक बरोबर होते म्हणायचे! सही घ्यायला हवी होती, आणि ती तुझीच घ्यायला हवी होती!" गुरवकाका समईत तेल घालत होते. त्यांनी मला गप्प केलं नाही.

तिथूनच कॉलेजात गेले आणि एमएला नाव घातलं, मराठीला. माझ्या वर्गात माझ्या निम्म्या वयाची पोरं असतील. असू देत. एमए, मग ती प्रवेश परीक्षा, मग तुझंच ते कोर्सवर्क, मग ती समिती. तुझी चार प्रकरणं तुझ्याच नावानं राहतील, पुढची मी लिहीन. नियमात बसत नाही म्हणाले तर बसेपर्यंत भांडेन. भांडण तेवढं मला तुझ्यापेक्षा चांगलं येतं.

संध्याकाळी गुरवकाका घरी आले. "मंजू, आदी देवाक इचारूक होया. कौल लावया?"

मी नको म्हटलं. त्यानं एकदा हो म्हटलंय. ते त्याच्याकडून पुरं करून घेईन मी, ताई, हे तुला वचन.

तुझी भांडखोर,
मंजू