बाईचं पाऊल आणि बुडालेलं गलबत

नरपड, रविवार

सुदामदादा,

नमस्कार राहू दे. बाईचं पाऊल पडलं की होडी बुडते, म्हणून तू मला बाबांच्या होडीत कधी चढू दिलं नाहीस. आता तुझ्या नातीला, निलमला, स्कूबा शिकायला जाऊ देत नाहीस. म्हणून अडुसष्टाव्या वर्षी मीच मालवणला बुडी मारून आले.

खाली एक गलबत आहे. त्यावर बाई कधी चढली नसणार, तरी बुडालंच ना? त्याच्या खिडकीतून पिवळे मासे सावकाश ये-जा करत होते, शेजारच्या गुहेत हिरवा उजेड झुलत होता. मला वर यावंसंच वाटेना; शिकवणाऱ्याने ओढून आणलं.

“आजी, भीती वाटते का गं?” परत आल्यावर निलमने विचारलं.

“छे!” म्हटलं. ओढून आणल्याचं सांगितलं नाही. ती उद्या मालवणला स्कूबा शिकायला निघते आहे. तुला कळलं तर अडवशील, म्हणून हे पत्र टाकत नाही.

तुझी न ऐकणारी,
चंद्रिका